आजोबांची ट्रंक: पदकं, कप आणि फोटोंवरून माणूस कसा शोधायचा

आमच्या घरी शोकेसच्या वरच्या कप्प्यात एक कप असायचा. दोन कानांचा, वीतभर उंच. आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, 'मिलिटरीत पहिला नंबर काढून' तो आणला, हे लहानपणापासून ऐकत आलो. कपावर काहीतरी कोरलेलं होतं, पण ती बाजू कायम भिंतीकडे. तो फिरवून बघावा असं घरात कुणालाही वाटलं नाही. आप्पा बर्मात जपान्यांशी लढले, हेही असंच ऐकलेलं.

सोलापूरच्या मुरारजी पेठेतलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली. आत दोन पदकं, गिरणीचा पितळी बिल्ला, घडी उलगडली तर तुटेल असा एक कागद आणि अकरा फोटो. त्यातून आप्पांचा माग काढताना जे जमलं आणि जे फसलं, ते क्रमानं लिहितोय. माझे आजोबा फौजेत होते म्हणून भर त्यावर आहे. तुमचे पोलिसात, रेल्वेत, तालमीत किंवा चळवळीत असतील, तरी सुरुवात अशीच करायची.

आधी हात आवरा

ट्रंक उघडल्यावर घरातला कुणीतरी हमखास म्हणतो, "काळं पडलंय, जरा घासून काढू." नको. माझ्या चुलतभावानं एक पदक पितळेची भांडी घासायच्या पावडरीनं चकचकीत केलं आणि कडेवरची तीन अक्षरं कायमची पुसट झाली. नाव त्या कडेवरच असतं, आणि ते खोल कोरलेलं नसतं. चिंच, राख, लिंबू, धातू उजळायचं पॉलिश, सगळं वर्ज्य. मऊ कोरड्या कापडानं धूळ टिपा, बस्स. रिबन फाटकी असली तरी बदलू नका. तिचे रंग पुढं कामाला येतात.

फोटोंचंही तसंच. काळ्या पानांच्या अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या, कारण कोणता फोटो कोणाच्या शेजारी लावलाय यातही माहिती असते. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला फोटो पुठ्ठ्यासकटच ठेवायचा. आमचा एक मोठा फोटो पूर्वी कुणीतरी फ्रेमला दिला होता. फ्रेमवाल्यानं तो काचेच्या मापात बसवायला खालची पट्टी कापली. स्टुडिओचं नाव त्या पट्टीवरच असणार.

वहीत दोन रकाने

साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक वस्तूला नंबर द्या आणि तिला एक स्वतंत्र पान. पानाचे दोन रकाने करा: डावीकडे 'वस्तू काय सांगते', उजवीकडे 'घरचे काय सांगतात'. या दोन्हींची सरमिसळ होऊ द्यायची नाही, एवढा एकच नियम मी कडक पाळला, आणि सगळा उलगडा त्यामुळंच झाला. 'बर्मात लढले' हे उजवीकडे. पदकावर दिसतं ते डावीकडे. उजवीकडचं खोटं असतं असं नाही, पण ते तीन तोंडांतून फिरून आलेलं असतं.

फोटोंच्या मागं बॉलपेननं नंबर टाकू नका, शाई पुढं उमटते. मऊ शिसपेन्सिलीनं कोपऱ्यात हलकेच लिहा, किंवा फोटो कागदी पाकिटात ठेवून नंबर पाकिटावर लिहा.

पदक वाचणं

इथं घाई करू नका. पदकाच्या तीन जागा वाचायच्या: पुढची बाजू, मागची बाजू आणि कड. कड सगळ्यात महत्त्वाची.

खोलीत अंधार करा. पदक मऊ कापडावर उभं धरा आणि मोबाइलचा टॉर्च कडेला जवळजवळ समांतर ठेवा. सरळ वरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. तिरपा टाकला की अक्षरांच्या सावल्या उठून दिसतात. पदक थोडं थोडं फिरवत सात-आठ फोटो काढा. जसं दिसतं तसंच उतरवा, अक्षर लागत नसेल तिथं टिंब द्या. अंदाजानं भरलेलं अक्षर पुढं खरं वाटायला लागतं.

कडेवर साधारण हा क्रम असतो: नंबर, हुद्दा, नाव, दल. हुद्दा इंग्रजी संक्षेपात असतो आणि तोच बरंच सांगून जातो. 'सेप' म्हणजे पायदळातला शिपाई, 'एसपीआर' म्हणजे सॅपर, अभियंता दलातला जवान, 'जीएनआर' म्हणजे तोफखान्यातला गनर, 'एनके' नाईक, 'हव' हवालदार. आप्पांच्या पदकावर 'डीव्हीआर' निघालं, म्हणजे ड्रायव्हर. पुढं 'आर.आय.ए.एस.सी.', म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. रसद आणि वाहतुकीचं दल. आमच्या घरात आप्पांना गाडी चालवता येत होती हेच कुणाला माहीत नव्हतं! सायकलीपलीकडं त्यांना कशावर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना बिननावाची मिळत. हिंदी फौजेच्या पदकांवर मात्र नाव टाकलेलं असे. त्यामुळं आपल्याकडं कड कोरी निघाली, तर पदक नंतर विकत घेतलेलं किंवा बदललेलं आहे का, हा प्रश्न वहीत लिहा. दुसऱ्याच माणसाचं नाव निघालं तरी दचकू नका. बरॅकीत अदलाबदल होत असे.

आता कुठलं पदक कशाचं ते बघू. पणजोबा पहिल्या महायुद्धात असतील तर चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि ब्राँझचं, पंखवाल्या देवीचं व्हिक्टरी मेडल ही जोडी बहुतेक वेळा एकत्र सापडते. त्या काळच्या कडेवर १०३, ११०, ११७ असे आकडे आणि मराठा पलटणीचं नाव असेल, तर थांबा आणि नीट वाचा. या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेला शरण जावं लागलं. १९२२च्या फेररचनेत हे जुने आकडे गेले.

दुसऱ्या महायुद्धातले 'स्टार' हे सहा टोकांचे ब्राँझचे तारे. दिसायला सगळे सारखे, फरक मधल्या नावात आणि रिबनीत. आफ्रिका स्टारची रिबन वाळूच्या रंगाची, मध्ये लाल पट्टा. इटली स्टारची लाल-पांढरी-हिरवी. बर्मा स्टारची गडद निळी, मधोमध लाल पट्टा आणि दोन्ही निळ्या भागांत बारीक नारिंगी रेघ.

आमच्या ट्रंकेत तारा नव्हताच. दोन्ही पदकं गोल, चांदीसारखी दिसणारी, पण तांबं-निकेलच्या मिश्रधातूची. एकाच्या मागं दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह: ते वॉर मेडल १९३९-४५. ते अठ्ठावीस दिवसांच्या पूर्णवेळ सेवेवरही मिळे, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच. दुसऱ्याच्या मागं हिंदुस्थानचा नकाशा: ते इंडिया सर्व्हिस मेडल. मला आधी हे अगदीच किरकोळ वाटलं. नंतर त्याची अट वाचली. ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात हिंदुस्थानात तीन वर्षं बिगर-लढाऊ सेवा. म्हणजे आप्पा उशिरात उशिरा सप्टेंबर १९४२च्या सुरुवातीला भरती झालेले असणार. वडील १९४३ म्हणत होते. ते उजव्या रकान्यात राहिलं.

आणि बर्मा? तारा नाही म्हणून 'गेलेच नाहीत' असं लगेच म्हणता येत नाही. पदकं युद्ध संपल्यावर बऱ्याच उशिरानं वाटली गेली, कित्येकांनी मागितलीच नाहीत, काही मोडीत गेली. पण आप्पा १९४२च्या मध्यावर भरती झाले असतील, तर युद्ध संपेपर्यंत जेमतेम तीन वर्षं आणि काही महिने होतात. त्यातली तीन वर्षं देशातल्या बिगर-लढाऊ सेवेत गेली, मग बर्मातल्या लढाईला वेळच उरत नाही. १९३९ला भरती झाले असतील तर भरपूर वेळ उरतो. सगळं भरतीच्या तारखेवर येऊन अडलं. ती कुठून मिळते ते पुढं सांगतो.

स्वातंत्र्यानंतरची पदकं ओळखायला सोपी, राजाच्या जागी बहुधा अशोकस्तंभ. १९६५चं रक्षा मेडल, १९७१चं संग्राम मेडल, तेव्हाचेच पूर्वी आणि पश्चिमी स्टार, १९७२चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं पदक. यांच्याही कडा वाचाच.

कप आणि ढाली

कप उलटा करून बुड बघा. 'ईपीएनएस' अशी चार अक्षरं असतील तर तो चांदीचा मुलामा दिलेला 'निकेल सिल्व्हर' या मिश्रधातूचा कप. घरात 'चांदीचा' म्हणून गाजलेले बहुतेक कप हेच असतात. विलायती खऱ्या चांदीवर चालत्या सिंहाचा छाप आणि वर्षाचं अक्षर असतं. लाकडी बैठक असेल तर तिच्यावरच्या पट्ट्यांचे खिळे कधीच उचकू नका.

कपाचं मोल त्यावरच्या मजकुरात. पदक माणसाचं दल सांगतं, तुकडी सांगत नाही. कप तुकडीनं दिलेला असतो, म्हणून तो ती सांगतो. मी आमचा कप पहिल्यांदा भिंतीकडून फिरवला तेव्हा वर कंपनीचा आकडा, पुढं 'जी.पी.टी. कॉय.', म्हणजे सर्वसाधारण मालवाहतुकीची कंपनी, खाली 'टग ऑफ वॉर', म्हणजे रस्सीखेच, १९४४, आणि त्याखाली जरा बारीक अक्षरात 'रनर्स-अप'.

वडील चष्मा लावून दोनदा वाचून म्हणाले, "कोरणाऱ्यानं चूक केली असंल."

सोलापुरात कपांचा दुसरा मोठा साठा गिरण्यांचा आणि तालमींचा. तालमीच्या ढालीवर बहुतेकदा फक्त जत्रेचं नाव असतं, वर्ष नसतं. मग ढाल हातात धरून काढलेला फोटो शोधावा लागतो. गिरणीच्या वस्तूंना एक उपयोगी खूण आहे: 'जुनी गिरणी', म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, ऑगस्ट १९४९मध्ये बंद पडली आणि १९५०च्या सुरुवातीला सरकारनं खास कायदा करून तिचा कारभार हातात घेतला. बिल्ला किंवा प्रशस्तिपत्रक यातलं कुठल्या बाजूचं, एवढं लागलं तरी काळ ठरतो.

फोटो

दोन्ही बाजू स्कॅन करा. मागची बाजू कोरी दिसली तरीही. पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयवर, अंगठ्याएवढा असेल तर १२००वर. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून मोबाइल वरून अगदी सपाट धरा.

काळ ठरवायला आधी कागद बघा, चेहरा नंतर. करवती कडांचे छोटे फोटो साधारण १९३०च्या दशकापासून साठीच्या दशकापर्यंतचे. पांढऱ्या चौकटीतले चौकोनी फोटो आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याचे असू शकतात, म्हणजे साठ-सत्तरचं दशक. रंगीत छपाई आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत ऐंशीच्या आसपास रुळली. मागं 'पोस्टकार्ड' छापलेलं असेल तर त्या काळी स्टुडिओवाले फोटो थेट पोस्टकार्डाच्या कागदावर छापून देत. असा फोटो गावी पाठवलेला असू शकतो, म्हणून शाई आणि शिक्का शोधा.

मग गणवेश. एक पट्टी लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. हुद्द्याच्या चिन्हात राजमुकुट असेल तर तो फोटो २६ जानेवारी १९५०च्या आधीचा, अशोकसिंह असतील तर नंतरचा. छातीवर रिबनी असतील तर मोठं करून बघा, काळ्यापांढऱ्यातही पट्ट्यांची रुंदी कळते. पदकं उजव्या छातीवर दिसली तर दोन शक्यता: फोटो उलटा छापला गेलाय, किंवा वारस वडिलांची पदकं लावून उभा आहे. शर्टाची बटणं कुठल्या बाजूला आहेत त्यावरून पहिली शक्यता तपासता येते.

आमच्या अकरा फोटोंतला सातवा माझा सर्वांत लाडका. आठ गडी दोन ओळींत, शेजारी हॅट घातलेला एक साहेब, पुढं टेबल. टेबलावर कप. मी भिंग लावलं. कपाच्या डाव्या कानाखाली एक पोचा, अंगठा टेकवल्यासारखा. शोकेसमधला कप आणला. तोच पोचा, त्याच जागी. म्हणजे फोटो १९४४चा, कंपनी कळलेली, आणि पुठ्ठ्यावर दाबून उठवलेल्या शिक्क्यात 'देवळाली कॅम्प'. तीन वस्तू एकमेकींना साक्ष देतात तेव्हाच मी डाव्या रकान्यातल्या ओळीखाली रेघ मारतो.

फोटोच्या मागं पेन्सिलीनं आठ नावं होती, आप्पांच्या हातची. सहाव्या नावापुढं फुली, आणि 'बर्मा'.

माणसांना विचारताना

फोटो घेऊन जा, प्रश्न घेऊन जाऊ नका. "आप्पा बर्मात होते का?" असं विचारलं की उत्तर 'हो'च येणार. माझी आत्या पंचाऐंशीची, मोहोळला असते. तिच्यापुढं सातवा फोटो ठेवला आणि गप्प बसलो. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू आहे हे आधी सांगितलं होतं. पाच मिनिटं ती चहावरच बोलली. मग बोट ठेवलं ते सहाव्या गड्यावर.

"ह्यो आप्पाचा दोस्त. सुट्टीला आमच्याकडं आलता. मग तिकडं गेला त्यो आलाच न्हाई. आप्पा दर गड्ड्याला त्याची गोष्ट सांगायचा. तुझा बाप तवा लहान, त्याला वाटलं आप्पाचीच."

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसवून मुलाला सांगितलेली मित्राची गोष्ट, चाळीस वर्षांत आजोबांची झाली.

युद्धात मेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते. बर्मातल्या ज्यांची कबर किंवा दहनाची जागा ठाऊक नाही, अशा सुमारे सत्तावीस हजारांची नावं यांगूनजवळच्या टाउक्यानच्या रंगून मेमोरियलवर आहेत. शोधताना जिल्हा 'शोलापूर' असा, इंग्रजीत 'एस'पुढं 'एच' घालून टाका, आणि नावाची स्पेलिंगं चार-पाच प्रकारे करून बघा. त्या मित्राच्या नावाचे दोघे सापडले. नंबर नसल्यामुळं त्यातला तो कुठला, हे लिहायची जागा अजून रिकामी आहे.

कागद कुठं मिळतात

फौजेसाठी पत्र त्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसला जातं. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, बॉम्बे सॅपर्स खडकी, महार रेजिमेंट मध्य प्रदेशातलं सागर, आणि आप्पांच्या दलाचा वारसा चालवणाऱ्या एएससीसाठी (आर्मी सर्व्हिस कोअर) मी बेंगळुरूला लिहिलं. माझं पहिलं पत्र 'आजोबांची माहिती द्यावी' अशा थाटाचं होतं, ते एका कार्यालयात कुठंतरी विरून गेलं. दुसऱ्यात नंबर, हुद्दा, वडिलांचं नाव, गाव, तालुका, पदकाच्या कडेचे फोटो, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडला, आणि मागणी नेमकी केली: 'लाँग रोलमधील नोंदीची प्रत मिळावी.' हा शब्द लक्षात ठेवा. पेन्शन नसलेल्या जवानाची सेवेची कागदपत्रं, ज्यांना 'शीट रोल' म्हणतात, पंचवीस वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. 'लाँग रोल' हे रजिस्टर मात्र कायम ठेवतात. उत्तर यायला पाच महिने लागले. भरती जून १९४२. बर्मा संपला.

नंबरच नसेल तर आधी सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिकांच्या आणि विधवांच्या नोंदी तिथं असतात, आणि पेन्शनच्या कागदावर नंबर असतोच.

गावाकडच्या नोंदींत शाळेचं जनरल रजिस्टर आणि तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही, ही दोन हुकमी. जुनी पानं मोडी लिपीत असतील तर वाचणारा शोधावा लागेल. एक गोष्ट सोलापूरकरांनी विसरू नये: आजचा जिल्हा तेव्हा एका राज्यात नव्हता. अक्कलकोट वेगळं संस्थान, मंगळवेढा सांगली संस्थानात, आणि नळदुर्ग-तुळजापूरच्या बाजूला निजामाचा मुलूख, तिथला जुना कागद उर्दूत. आजोबांचं गाव हद्दीच्या कुठल्या बाजूला होतं ते आधी ठरवा, नाहीतर चुकीच्या तहसिलीत हेलपाटे घालाल. गावच्या जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर 'या गावातून इतके लोक १९१४-१९१९च्या महायुद्धात गेले' अशी संगमरवरी पाटी आहे का, तेही बघून या. नावं नसतात, आकडा असतो.

ट्रंकेत ताम्रपत्र निघालं तर ते बहुधा १९७२चं, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवातलं. अशा घरांनी जिल्हाधिकारी कार्यालयातली स्वातंत्र्यसैनिक पेन्शनची फाइल मागावी, तीत तुरुंगाचा दाखला जोडलेला असतो. मे १९३०मधल्या सोलापूरच्या मार्शल लॉत पकडलेल्यांच्या बाबतीत मुंबईच्या राज्य पुरालेखागारातही चौकशी करता येते.

परत ट्रंकेत ठेवताना

वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्यातलं आम्ल धातू आणि फोटो दोन्ही खातं. धुतलेलं सुती कापड किंवा आम्लरहित कागद वापरा. पदकं एकमेकांवर घासणार नाहीत अशी वेगळी ठेवा. चिकट पानांचे अल्बम टाळा. आणि ट्रंक परत माळ्यावर नको: सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. खालच्या खोलीतलं कपाट बरं. वहीची झेरॉक्स आणि स्कॅनची एक प्रत दुसऱ्या घरी, आमची आत्याकडं आहे.

कप मात्र शोकेसमध्येच राहिला. मी तो अक्षरं पुढं करून ठेवतो. दोन दिवसांनी बघावं तर परत भिंतीकडं. वडील म्हणतात, पुसताना फिरला असंल.